प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेटमध्ये क्रँक घट्ट का बसतो : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या म्हापशातील कार्यशाळेत गेल्या काही वर्षांत एक तक्रार वारंवार येऊ लागली आहे. ग्राहकाने घरी किंवा अन्य कोणाकडून नवा प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा आस फिरवणारा बेअरिंगांचा दाबून बसवायचा संच, बसवून घेतलेला असतो. परंतु क्रँकचा, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांड्यांचा, आस त्यातून पलीकडे जात नाही, किंवा ठोकून गेलाच तर क्रँक इतका जड फिरतो की हात सोडल्यावर तो जागच्या जागी थांबतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार आणखी थोडे ठोकून पाहण्याचा असतो. आमची विनंती अशी, की ठोकण्यापूर्वी हे पत्रक एकदा वाचावे, कारण आस अडतो तेव्हा अडण्याचे कारण बहुधा क्रँकमध्ये नसते. ते बेअरिंगमध्ये, बेअरिंगच्या आजूबाजूच्या बारीक भागांत किंवा फ्रेमच्या शेलमध्ये असते, आणि हातोडीने ते कारण दूर होत नाही, फक्त झाकले जाते.

हातोडीची सवय आपल्याकडे कोठून आली, हे समजण्यासारखे आहे. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलीसारख्या जुन्या घडणीच्या सायकलींत क्रँक आसावर कॉटर पिनने पक्का केलेला असे, आणि ती पिन ठोकूनच बसवायची असे. तेथे हातोडी हेच योग्य हत्यार होते. त्यानंतरच्या आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्येही बेअरिंगचे कप फ्रेममध्ये फिरवून कसले जात, त्यामुळे बेअरिंगवर दाब किती यावा हे आटे ठरवत. प्रेस-फिटमध्ये आटे नाहीत. फ्रेमच्या तळाशी असलेल्या पोकळ नळीचे, म्हणजे शेलचे, भोक बेअरिंगच्या किंवा त्याच्या कपाच्या बाहेरील व्यासापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने लहान ठेवलेले असते आणि त्या ताणावरच सारे भाग जागेवर राहतात. फ्रेम हलकी व्हावी, शेल रुंद करता यावे आणि कारखान्यातील जुळणी सोपी व्हावी, यासाठी ही पद्धत आली. सोय झाली खरी, परंतु पूर्वी आटे सांभाळून घेत असलेली मापातील चूक आता थेट बेअरिंगवर येऊ लागली.

आपल्या सायकलीत कोणता प्रकार आहे

प्रेस-फिट हे एक माप नसून मापांचे एक कुटुंब आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या घट्ट क्रँकांपैकी काही केवळ चुकीचा भाग विकत घेतल्यामुळे घट्ट असतात. कॅननडेल या सायकल कंपनीने सन २००० च्या सुमारास आणलेल्या बीबी३० मध्ये शेलचे भोक ४२ मिलिमीटरचे असते, बेअरिंग कपाशिवाय थेट धातूत बसते, खोबणीतील सर्कलिपला (स्प्रिंगसारख्या कडीला) टेकते आणि आस ३० मिलिमीटरचा असतो. पीएफ३० मध्ये आस तोच, परंतु भोक ४६ मिलिमीटरचे असून बेअरिंग बहुधा नायलॉनच्या कपात येते. रस्त्यावरच्या सायकलींतील शिमानो या सुट्या भागांच्या कंपनीच्या पद्धतीत, म्हणजे बीबी८६ मध्ये, भोक ४१ मिलिमीटरचे, शेलची रुंदी ८६.५ मिलिमीटर आणि आस २४ मिलिमीटरचा असतो.

आसांचे माप तर याहून फसवे आहे. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या जीएक्सपी पद्धतीतील आस उजव्या बाजूस २४ आणि डाव्या टोकास २२ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे त्याच्या डाव्या बेअरिंगमधून शिमानोचा सरळ २४ मिलिमीटरचा आस कितीही ठोकला तरी जाणार नाही. जीएक्सपीचे दोन कप घाईत उलटसुलट बसवले, तर उजवीकडून येणारा आस पायरीपाशी येऊन अडतो आणि क्रँक शेलपासून बराच बाहेर राहतो. स्रॅमनेच २०१८ साली आणलेल्या डब पद्धतीतील आस २८.९९ मिलिमीटरचा आहे. तो ३० मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये सैल पडतो आणि ३० मिलिमीटरचा आस डबच्या बेअरिंगमध्ये शिरत नाही. सुट्या भागाच्या खोक्यावरील अक्षरांवर विसंबण्यापेक्षा व्हर्नियर कॅलिपरने आस आणि शेल दोन्ही मोजावेत, आणि मगच भाग मागवावा.

घट्टपणा नेमका कोठे आहे

माप बरोबर असूनही आस अडत असेल, तर पुढील तपासणी घरीही करता येते. क्रँक काढण्यापलीकडे तिच्यासाठी हत्यार लागत नाही, थोडा धीर लागतो.

प्रथम क्रँक पूर्ण काढून ठेवावा आणि शेलमध्ये बसलेल्या प्रत्येक बेअरिंगची आतली कडी बोटाने फिरवून पाहावी. ती मऊपणे परंतु थोडा विरोध करत फिरत असेल, तर तो नव्या सीलचा आणि दाट ग्रीसचा विरोध आहे व त्यात काळजीचे कारण नाही. कडी दाणेदार लागत असेल किंवा ठरावीक जागी अडत असेल, तर बेअरिंग दाबले गेले आहे किंवा बसवतानाच दुखावले आहे. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. या आकाराच्या साध्या बेअरिंगमध्ये गोळ्या आणि कड्या यांच्यात मुळातच मिलिमीटरच्या अर्ध्या ते दोन शतांश भागाएवढी मोकळीक ठेवलेली असते. शेल प्रमाणापेक्षा लहान असेल, त्यात रंगाचा थर उरला असेल किंवा ते गोल नसून किंचित अंडाकृती असेल, तर बाहेरची कडी आवळली जाते आणि ती एवढीशी मोकळीक संपते. मग गोळ्या फिरण्याऐवजी घासू लागतात. अशा बेअरिंगमध्ये आस कसाबसा गेला तरी क्रँक जडच फिरतो आणि बेअरिंग लवकर संपते.

दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. उजव्या क्रँकचा आस उजवीकडून केवळ उजव्या बेअरिंगमध्ये, आणि मग तोच आस डावीकडून केवळ डाव्या बेअरिंगमध्ये घालून पाहावा. मात्र जीएक्सपीत डाव्या बाजूस फक्त २२ मिलिमीटरचे टोकच जाईल, हे ध्यानात ठेवावे. आस प्रत्येक बेअरिंगमध्ये स्वतंत्रपणे तळव्याच्या दाबाने जात असेल आणि दोन्हींमधून एकदम जाताना मात्र दुसऱ्या बेअरिंगच्या तोंडाशी अडत असेल, तर दोन्ही बेअरिंगे एकाच अक्षावर नाहीत. याचे कारण कधी एखादा कप तिरका बसणे हे असते. कपाची कड आणि शेल यांच्यामधून नखाएवढी फट एका बाजूने दिसत असेल, तर तोच प्रकार समजावा. कधी बीबी३० मधील सर्कलिप खोबणीत पूर्ण बसलेली नसते. आणि कधी, हे सांगताना आम्हालाही वाईट वाटते, दोष फ्रेमचा असतो: शेलची दोन भोके घडणीतच किंचित सरकलेली असतात. कार्बन फ्रेमच्या किमतीकडे पाहून ग्राहकाला हे पटत नाही, परंतु मोजपट्टी किंमत पाहत नाही.

आस एकेका बेअरिंगमध्येही अडत असेल, तर नजर आसाकडे वळवावी. पूर्वी कोणी चुकीच्या हातोडीने ठोकल्यामुळे आसाच्या टोकास उठलेली बारीक धार, जुन्या बेअरिंगने सोडलेला गंजाचा पट्टा किंवा वाळलेले ग्रीस, यांतले काहीही पुरेसे असते. शिमानोच्या कपांमध्ये बेअरिंगच्या आतील कडीवर प्लॅस्टिकची एक पातळ टोपी असते आणि आस प्रत्यक्षात तिच्यातून जातो. ती टोपी जुन्या कपातून निघून आसावरच चिकटून राहिली आणि नव्या कपात दुसरी आलीच, तर दोन टोप्यांमधून आस जाणे शक्य नाही. हा प्रकार आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की घट्ट क्रँक आला की आम्ही प्रथम आसावरून नख फिरवतो.

शेवटी शेलच्या पोटात डोकावून पाहावे. दोन कपांमधील प्लॅस्टिकची नळी वाकडी बसलेली असते, किंवा आतून जाणारी गिअरची केबल वा हायड्रॉलिक ब्रेकची नळी आसाच्या वाटेत आलेली असते. तशा स्थितीत आस दामटला तर क्रँक बसतो, परंतु ब्रेकची नळी आसावर घासत राहते, आणि चोर्ल्याच्या घाटात उतारावर त्या ब्रेकचीच गरज असते.

फ्रीझरमध्ये बेअरिंग ठेवण्याविषयी

बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की आकसते व शेलमध्ये सहज जाते, असा सल्ला बऱ्याच ग्राहकांनी ऐकलेला असतो. एक गृहस्थ तर टिफिनच्या डब्यात बर्फ घालून बेअरिंग आमच्याकडे घेऊन आले होते. हिशेब चुकीचा नाही. पोलादी बेअरिंग ४२ मिलिमीटरचे असेल आणि ३० अंश सेल्सिअसवरून उणे १८ अंशांपर्यंत थंड झाले, तर त्याचा व्यास सुमारे दोन शतांश मिलिमीटरने कमी होतो. पण कोरड्या हवेच्या देशात निभावणारी ही युक्ती आपल्याकडे अंगाशी येते. गोव्याच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या थंड बेअरिंगवर काही क्षणांत दव धरते, ते पाणी सीलखाली शिरते आणि बेअरिंग सायकलवर चढण्यापूर्वीच आतून गंजू लागते. शिवाय नायलॉनचे कप ओलावा शोषून किंचित फुगतात, म्हणून ते पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नयेत. आम्ही ते बसवण्याच्या क्षणापर्यंत बंद पाकिटात ठेवतो.

बेअरिंग आणि क्रँक बसवताना

आम्ही प्रथम जुने कप काढतो आणि ते पुन्हा वापरत नाही, कारण काढताना मार बेअरिंगच्या आतील बाजूवर पडतो व तो गोळ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत पोचतो. त्यानंतर शेल स्वच्छ पुसून त्याचे भोक किमान दोन दिशांनी, एकमेकांशी काटकोनात, मोजतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये शेलचे तोंड अक्षाशी काटकोनात नसेल तर ते फेसिंगच्या हत्याराने सपाट करता येते. कार्बनच्या फ्रेमचे भोक मात्र आम्ही रीमरने मोठे करत नाही. तशा फ्रेमची मोजमापे लिहून देतो आणि ग्राहकाने ती फ्रेमच्या विक्रेत्याकडे न्यावी असे सुचवतो. काही ग्राहकांना हे टाळाटाळ वाटते. परंतु एकदा कापलेला कार्बन पुन्हा भरता येत नाही आणि फ्रेमची हमीही त्यासोबत जाते.

बेअरिंग आत ढकलण्यासाठी स्क्रूचा प्रेस वापरावा, आणि त्याचा दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवरच, किंवा कप असल्यास कपाच्या कडेवर, पडेल असा ठोकळा निवडावा. दाब आतल्या कडीवर पडला की गोळ्या आपल्या वाटेत बारीक खळगे पाडतात. हे खळगे डोळ्यांना दिसत नाहीत. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पायाला जाणवतात. प्रेस फिरवताना कप पहिल्या दोन मिलिमीटरांतच तिरका जात आहे असे दिसले, तर थांबून तो बाहेर काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी. पुढे गेल्यावर तो आपोआप सरळ होईल, ही आशा फुकट असते. धातूच्या शेलमध्ये बीबी३० बसवताना ग्रीस लावावे की बेअरिंग धरून ठेवणारे द्रव रसायन, याचा निर्णय फ्रेमच्या निर्मात्याच्या सूचनेनुसारच करावा. दोन्ही एकत्र कधीही लावू नयेत.

बेअरिंगे जागेवर आल्यावर, क्रँक लावण्यापूर्वी, त्यांच्या आतल्या कड्या बोटाने पुन्हा फिरवून पाहाव्यात. येथे अडचण दिसली तर ती येथेच सोडवावी.

आता क्रँक. आसावर आणि बेअरिंगच्या आतील कडीवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. आस उजव्या बाजूने, दोन्ही हातांनी सरळ धरून, आत ढकलावा. ३० मिलिमीटरच्या आसांची बसण मुळातच थोडी घट्ट असते आणि शिमानोच्या आसालाही कधी प्लॅस्टिकच्या हातोडीच्या हलक्या ठोक्यांची गरज पडते, हे मान्य आहे. ठोका क्रँकच्या मध्यावर, आसाच्या रेषेत पडावा, पेडलाच्या टोकाकडे पडू नये. आमच्या कार्यशाळेतील नियम असा, की प्रत्येक ठोक्याबरोबर आस दिसेल इतका पुढे गेला पाहिजे. तीन-चार हलक्या ठोक्यांत तो हलला नाही, तर हातोडी खाली ठेवून वरची तपासणी पहिल्यापासून करायची. लोखंडी हातोडी आमच्या या टेबलावर ठेवलेलीच नसते.

आस पलीकडे निघाला की डावा दांडा, म्हणजे डावीकडचा क्रँक, लावण्यापूर्वी क्रँक हाताने फिरवावा. तो येथे सहज फिरत असेल आणि डावा दांडा कसल्यावरच जड होत असेल, तर दोष बेअरिंगच्या बसणीत नाही, बाजूने येणाऱ्या दाबात आहे, आणि हा घट्टपणा सर्वांत सहज सुटणारा आहे. शिमानोच्या पद्धतीत डाव्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी केवळ ०.७ ते १.५ न्यूटन मीटर (कसण्याच्या जोराचे माप) एवढीच कसायची असते. ती बोटांनी फिरवल्यासारखी हलकी कसावी, कारण तिचे काम फक्त आडवी ढिलाई काढण्याचे आहे. दांड्याला धरून ठेवण्याचे काम त्यावरच्या दोन बोल्टांचे असून ते १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत, एक थोडा आणि मग दुसरा थोडा, असे आळीपाळीने कसावेत. त्यांच्यामधील छोट्या पट्टीची पिन आसाच्या भोकात खाली बसली नाही, तर दांडा अजून पूर्ण आत गेलेला नाही असे समजावे व बोल्ट कसू नयेत. जीएक्सपीमध्ये याच्या उलट आहे: तेथे एकच मोठा बोल्ट ४८ ते ५४ न्यूटन मीटरने कसावा लागतो, आणि तो भीतीपोटी कमी कसला तर दांडा सुटतो. बीबी३० मध्ये लहरी वॉशर (लाटेसारखी वाकवलेली, स्प्रिंगसारखी दबणारी चकती) दाबला जावा, परंतु पूर्ण चपटा होऊ नये. तो चपटा झाला असेल तर एखादी पातळ स्पेसर कडी जास्त झाली आहे. हे आकडे अंदाजाने हाताला कळत नाहीत, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे कसण्याचा जोर मोजणारा पाना, हवाच.

एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. नवा क्रँक चेन काढून फिरवला आणि तो दोन-तीन फेऱ्यांत थांबला, तर त्यात बिघाड नाही. सील नवे असताना ते आसाला धरतात आणि काही दिवसांच्या चालवण्याने सैलावतात. क्रँक पंख्यासारखा फिरत राहतो तेव्हा उलट सील झिजले आहेत का, हे पाहावे.

गोव्याचा पाऊस, मीठ आणि लाल माती

प्रेस-फिटचे खरे वैर ओलाव्याशी आहे, आणि आपल्याकडे ओलाव्याची कमतरता नाही. पाणी बॉटम ब्रॅकेटमध्ये बाहेरून जेवढे जाते, तेवढेच वरून येते: सीटपोस्टच्या फटीतून फ्रेमच्या नळीत उतरते आणि सर्वांत खालच्या जागी, म्हणजे शेलमध्ये, साठते. शेलच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक असेल, तर ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे पावसाळ्यात दर आठवड्याला काडीने तपासावे. डिचोली आणि सत्तरी भागांतील रस्त्यांवर लाल माती अतिशय बारीक असते. ती पाण्यात मिसळून सीलच्या ओठाशी बसली की रेघ ओढत जाते. रायबंदरच्या मिठागरांलगतच्या बांधावरून किंवा किनाऱ्यावरून रोज जाणाऱ्यांच्या सायकलींत मीठ हे वेगळे संकट असते. ३० मिलिमीटरचे आस बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि बेअरिंग पोलादी. त्यांच्यामध्ये खारट पाणी शिरले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते व पांढरी भुकटी धरते. अशा सायकलीचा क्रँक पुढच्या वेळी निघता निघत नाही, आणि निघाल्यावर नव्या बेअरिंगमध्येही घट्टच जातो, कारण आसाचा पृष्ठभाग सपाट राहिलेला नसतो.

म्हणून मृगापासून चवथीपर्यंत सायकल रोज चालवणाऱ्यांनी क्रँक एकदा मध्येच काढून आस पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावा, असे आम्ही सुचवतो. पावसाळ्यात सायकल उभीच ठेवणाऱ्यांची तक्रार त्याहून मोठी असते: न फिरणारे बेअरिंग एका जागी गंजते. आठवड्यातून एकदा क्रँक काही वेळा उलटा फिरवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉटम ब्रॅकेट कधीही धुऊ नये. साधी बालदी आणि फडके पुरते.

पेडल मारताना येणारी करकर मात्र नेहमी बॉटम ब्रॅकेटचीच असते असे नाही. पेडलाचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि सीटपोस्ट यांचाही तसाच आवाज येतो, आणि ते तपासणे फार स्वस्त आहे. उभे राहून पेडल मारतानाही आवाज येत असेल, तर निदान सीटपोस्ट तरी त्याचे कारण नाही असे समजावे.

एक प्रश्न नवी सायकल घेणारे ग्राहक विचारतात: प्रेस-फिट टाळावा का? काही निर्माते पुन्हा आट्यांकडे वळले आहेत. २०१५ साली आलेल्या टी४७ या मापात मोठ्या शेललाच आटे दिले, आणि स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० सालच्या टारमॅक एसएल७ या सायकलीत जुने आट्यांचे शेल पुन्हा घेतले. आमच्या हवेत आम्हाला आटे अधिक सोयीचे वाटतात, हे आम्ही लपवत नाही. परंतु मोजून बनवलेले शेल आणि सरळ बसवलेले बेअरिंग असेल, तर प्रेस-फिटही अनेक पावसाळे निमूटपणे काढतो, आणि केवळ या कारणासाठी चांगली फ्रेम टाकून देऊ नये.

सायकल आमच्याकडे देताना

क्रँक अर्धा आत जाऊन अडकला असेल, तर तो बाहेर काढण्याचा प्रयत्न न करता सायकल तशीच आणावी. अडलेल्या जागेवरूनच आम्हाला बहुतेक निदान करता येते. काढलेल्या कड्या, वॉशर, टोप्या आणि स्पेसर हे सर्व, जुने आणि तुटलेले असले तरी, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तारेत किंवा दोऱ्यात ओवून आणावेत. कोणत्या बाजूने काय निघाले, हे दोऱ्याच्या दोन टोकांना उजवे-डावे लिहून सांगितले, तर आमचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात. नवा बॉटम ब्रॅकेट आपण स्वतः घेतला असेल, तर त्याचे पाकीट फोडू नये; शेल मोजल्यावर तो चुकीचा ठरला तर न फोडलेला भाग परत देणे सोपे जाते. आस, शेल आणि बेअरिंग यांची आम्ही घेतलेली मापे बिलाच्या मागे लिहून देतो. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढचा बॉटम ब्रॅकेट मागवताना तोच लागणार आहे.